माईकवर जाहीर केलेली तिसरी रेस

वर्षातून एकदा. बास. एकदाच.

दुकानात कोणी विचारलं की मी एवढंच सांगतो आणि पुन्हा कामाला लागतो. हे उत्तर कोणालाच आवडत नाही. 'मालक, अमका तर वर्षात चार करतो की.' 'मालक, आमचा ऑनलाइन कोच म्हणतो दोन आरामात होतात.' 'मालक, माझी बॉडी लवकर रिकव्हर होते.' अरे मग मला कशाला विचारतोस? जा की त्या कोचकडं! मी सायकल दुरुस्त करणारा माणूस. डॉक्टर नाही, कोच नाही, कधी रेसला उभा राहिलेला नाही. पण एका माणसाचं काय झालं ते मी बघितलंय. बघितलंय कसलं, त्यात माझा हात आहे. म्हणून कोणी हसत हसत 'यंदा तीन टाकायच्या' म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांब पल्ल्याची ट्रायथलॉन म्हणजे एकाच दिवसात आधी जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशेऐंशी किलोमीटर सायकल, आणि सायकलवरून उतरून बेचाळीस किलोमीटर पळायचं. सोलापूरच्या माणसाला कळेल असं सांगतो. सकाळी तलावात पोहून निघायचं, सायकलवर टेंभुर्णीला जाऊन परत यायचं, आणि घरात पाऊल न टाकता तसंच अक्कलकोटपर्यंत पळत जायचं. हे माणसाने वर्षातून किती वेळा करावं हा प्रश्न लोकांना पडतोच कसा?

माझं दुकान विजापूर रस्त्याला. वडील चादरीच्या लूमवर होते, मी त्या आवाजाला कंटाळून पंधराव्या वर्षी सायकलच्या दुकानात लागलो आणि पुढं स्वतःचं टाकलं. आधी दूधवाल्यांच्या, शाळेच्या पोरींच्या सायकली असायच्या. मग डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशा मंडळींना या खेळाचं खूळ लागलं आणि माझ्याकडं एका हाताने उचलता येतील असल्या सायकली यायला लागल्या. त्या मंडळींतच सर होते.

सर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. पहिल्यांदा आले तेव्हा पोट सुटलेलं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला. मी त्यांना एक जुनी सायकल नीट करून दिली. म्हटलं, चार दिवस चालवतील आणि बाल्कनीत कपडे वाळत घालतील तिच्यावर. पण माणूस चिकट निघाला. आधी कुंभारीपर्यंत जाऊन यायचे, मग मोहोळ, मग थेट टेंभुर्णी. शर्टाच्या मागच्या खिशात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. त्यांच्या ऑनलाइन कोचने सांगितलेलं ते चिकट गोड जेल त्यांच्या पोटाला सोसायचं नाही. शनिवारी संध्याकाळी दुकानात यायचे, स्वतः फडकं घेऊन चेन पुसायचे, मला परवानगी विचारायचे, "मालक, ब्रश घेऊ का?" स्वतःच्या सायकलला हात लावायला परवानगी विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहा व्हायचा. माझ्या मुलीला बारावीची केमिस्ट्री त्यांनी याच स्टुलावर बसून शिकवली आणि कशाला हो म्हणून कधी काही घेतलं नाही.

पाच वर्षं अशी गेली. सहाव्या वर्षी त्यांनी ती लांबची रेस पूर्ण केली. वय सेहेचाळीस. मला फोन केला. म्हणाले, "मालक, तुमची सायकल कुरकुरलीसुद्धा नाही." मी दुकानात एकटाच होतो, खुर्चीत बसून रडलो. खोटं कशाला बोलू.

आणि मग सुरू झाले सत्कार.

आमच्या गावाला सत्काराचं वेड आहे. सोसायटीचा सत्कार, कॉलेजचा सत्कार, समाजाचा, मंडळाचा, सायकलवाल्या ग्रुपचा. शाल, श्रीफळ, चादर. माणूस जिना उतरताना कठडा धरून आडवा आडवा उतरत होता, आणि हे त्याला स्टेजवर चढवत होते! त्यात आमच्याकडं एक पद्धत आहे, सत्काराला उत्तर द्यायचं. नुसते आभार मानून चालत नाही. काहीतरी मोठं बोलावं लागतं, पुढचा संकल्प सांगावा लागतो, तेव्हा कुठं लोकांना नारळ सत्कारणी लागल्यासारखं वाटतं. सर मोठे हुशार, दरवेळी म्हणायचे, "आता आधी पेपर तपासायचेत." लोक हसायचे आणि विषय संपायचा.

ग्रुपच्या सत्काराला त्यांनी मलाही बोलावलं. पडद्यामागचा माणूस म्हणून माझाही सत्कार. मला चादर पांघरली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या हातात माईक दिला. समोर दोनअडीचशे माणसं, पहिल्या रांगेत माझी बायको नवीन साडीत. मला काय बोलावं सुचेना. टाळ्या थांबल्या. मग मी बोललो, "सर पुढच्या वर्षात एक न्हाय, तीन करणार! अन् तिन्ही टायमाला सायकल माझ्या हातातनं तयार होऊन जाणार!"

टाळ्यांनी हॉल दणाणून गेला. तीन! तो आकडा सरांचा नव्हता, माझा होता. माझ्या तोंडातून का आला, कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. दोन म्हणालो असतो तरी टाळ्या पडल्याच असत्या. मी सरांकडं बघितलं. ते हसत होते, हात जोडलेले. नंतर त्यांच्या हातात माईक गेला तेव्हा म्हणाले, "मालकांनी शब्द दिलाय. आता माझा काय इलाज?"

दुसऱ्या दिवशी सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर. सरांचा फोटो आणि वर 'मिशन तीन'. एकालाही, अहो एकालाही वाटलं नाही की या माणसाला विचारावं, बाबा रे, तुला झेपणार आहे का? त्या ग्रुपात डॉक्टर किती आहेत माहितीये? मोजायला बसलो तर दोन्ही हात लागतील. सगळ्यांनी पोस्टरखाली शाबासकीचे अंगठे टाकले. मीसुद्धा. माझा अंगठा पहिला होता.

तीनातली पहिली झकास झाली. आदल्या वेळेपेक्षा लवकर पोचले. मी गल्लीत पेढे वाटले. दुसरी त्यानंतर चार महिन्यांनी, म्हणजे तिची तयारी ऐन एप्रिल-मेमध्ये. सोलापूरचा मे तुम्हाला ठाऊक आहे. कुत्रं सावलीतून हलत नाही. आणि सर पहाटे निघून अकरा वाजता टेंभुर्णीहून परत यायचे, अंगावर मिठाचे पांढरे पट्टे. मी म्हणायचो, "सर, उन्हाचं जरा बेतानं." ते म्हणायचे, "वेळ कुठाय मालक? तीन करायच्यात." टोमणा नव्हता तो. सर टोमणे मारत नाहीत.

दुसरीही झाली कशीबशी. पण परत आलेला माणूस वेगळा होता. मला सायकलवरून माणूस कळतो. सीट एका बाजूला दबलेली, म्हणजे एका कुशीवर भार टाकून बसत होते. डाव्या बुटाचा तळ जास्त झिजलेला. चेनला तेल नाही, धूळ तशीच. ज्या माणसाने सहा वर्षं चेन पुसली त्याने सायकल चिखलासकट माझ्या दारात टेकवली आणि स्टुलावर बसून राहिला. चेहरा राखेसारखा. म्हटलं, "सर, झोप हाय का?" तर म्हणाले, "पडतो, पण लागत नाही." महिन्यात दोनदा ताप. वर्गात पोरांवर ओरडायला लागले, हे माझ्या ओळखीच्या एका पालकाने सांगितलं. सर आणि ओरडणं!

लोकांना वाटतं चार दिवसांत मांड्या दुखायच्या थांबल्या की झालं. कप्पाळ! मांडी म्हणजे सायकलचा रंग. आतलं बेअरिंग झिजलेलं बाहेरून दिसत नाही, चाक फिरतंच असतं, फिरता फिरता एक दिवस जाम होतं. एका रेसनंतर शरीर भरून यायला महिने लागतात, आणि हे महाशय पंधराव्या दिवशी पुढच्या रेसचा तक्ता भिंतीला लावतात. रेस मारत नाही हो माणसाला. दोन रेसच्या मधली न घेतलेली विश्रांती मारते. घ्या की वर्षाकाठी एक, आणि उरलेलं वर्ष छोट्या छोट्या करा, पोहा, फिरा, घरच्यांना तुळजापूरला घेऊन जा. कोण नाही म्हणतंय?

तिसऱ्या रेसला तीन आठवडे असताना वहिनी दुकानात आल्या, म्हणजे सरांच्या मिसेस. सहा वर्षांत पहिल्यांदा. स्कूटर लावली, स्टुलावर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, त्यांच्या छातीत धडधडतंय. मोहोळच्या पुढं रस्त्याकडेला बसून राहिले होते अर्धा तास. दवाखान्यात नेलं. ठोके मध्येच चुकतात म्हणाले डॉक्टर. तीन महिने काही करायचं नाही, पळायचंसुद्धा नाही. हे मला म्हणतात, एवढी एक होऊ दे, मग थांबतो."

मी म्हटलं, "वहिनी, मी सांगतो त्यांना."

"सांगाच. तुम्हीच बोलला होता ना माईकवर?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या स्कूटर काढून गेल्या.

दोन दिवसांनी सर सायकल घेऊन आले. रेसला न्यायच्या आधी पूर्ण खोलून, साफ करून, परत बसवून द्यायची, हे आमचं दरवेळचं ठरलेलं. मी विषय काढला. "सर, ही रेस सोडा. डॉक्टर न्हाय म्हणतात म्हणं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणीबी सांगू द्या. जिवापेक्षा मोठं हाय का ते?"

"मालक," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही सायकल बघा. माझं मी बघतो." आणि थोडं थांबून म्हणाले, "अडीचशे लोकांसमोर ठरलंय ते. असं कसं सोडता येईल?"

त्या वेळी मला राग आला तो त्यांचाच. एवढा शिकलेला माणूस, कॉलेजात शिकवतो, आणि अडीचशे लोकांच्या टाळ्यांसाठी काळीज पणाला लावतो? ठीक आहे म्हटलं. बघतोच कसा जातो हा माणूस.

मी सायकल खोलली. पेडलचा क्रँक काढला, आतलं बेअरिंग काढलं, एका डब्यात घालून डबा वरच्या फळीवर जुन्या ट्यूबांच्या मागं ठेवला. सर संध्याकाळी आले तेव्हा सांगितलं, "बेअरिंग गेलंय सर. पार्ट पुण्यातनं मागवलाय."

सोलापुरातले सगळे मिस्त्री 'उद्या या' म्हणतात. मी म्हणत नाही. तीस वर्षांत दिलेली वेळ चुकवली नाही, तेच माझं नाव. आणि आता रोज संध्याकाळी सर यायचे, स्टुलावर बसायचे, मी म्हणायचो, "आज आला न्हाय, उद्या येतोय बघा." ते म्हणायचे, "बरं." चहा प्यायचे. अर्धा अर्धा तास बसायचे. काहीतरी बोलतील असं वाटायचं, पण बोलायचे नाहीत. मी दुसऱ्याच सायकलीत डोकं घालून बसायचो, कारण त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी छाती नव्हती. असे आठ दिवस.

नवव्या दिवशी मला ट्यूब लागली म्हणून मी फळीवर हात घातला, आणि डबा खाली आला. त्यांच्या पायाशी. बेअरिंग घरंगळत बाहेर पडलं, साफ केलेलं, तेल लावलेलं, चकचकीत.

सरांनी ते उचललं. बोटांनी फिरवून बघितलं. मग उभे राहिले. सहा वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "माझी सायकल द्या."

"देत न्हाय."

"मालक, सायकल माझी आहे."

"हाय की तुमची. जावा पोलिसात. पण ती जोडणार न्हाय मी. मरायला जायला माझ्या हातानं गाडी तयार करून देऊ व्हय?"

रस्त्यावर माणसं जमली. शेजारचा पानवाला मध्ये पडायला आला, त्याला मी शिवी घातली. सर म्हणाले, "एवढंच म्हणायचंय तुम्हाला?" मी म्हटलं, "एवढंच!" ते बेअरिंग टेबलावर ठेवून निघून गेले. पायी.

मला वाटलं जिंकलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, वाचवला बघ माणूस. चार दिवसांनी ग्रुपवर फोटो आला. सर विमानतळावर, शेजारी सायकलचा खोका. ग्रुपातल्याच एका शहाण्याने स्वतःची सायकल दिली होती. खाली लिहिलं होतं, 'मिशन तीन, थांबणार नाही.' मी मोबाइल फेकला, त्याची काच गेली ती आजही तशीच आहे.

पोहणं झालं. सायकल झाली. पळताना निम्म्याच्या पुढं ते रस्त्याकडेला बसले आणि आडवे झाले. जीव वाचला. आयोजकांची ॲम्ब्युलन्स जवळ होती म्हणून वाचला, नाहीतर वहिनी कुठं असत्या आज? तीन आठवडे दवाखाना. हृदयाचा स्नायू ढिला पडलाय म्हणे. आता जन्मभर गोळ्या. चालायला परवानगी आहे, तीही बेताने. कॉलेजने त्यांचे तास तळमजल्यावर घेतले. सायकल बंद. पोहणं बंद.

आणि ग्रुप काय म्हणाला? 'मिस्त्रीमुळं झालं. स्वतःची सायकल मिळाली असती तर असं झालं नसतं.' हे डॉक्टर बोलले, डॉक्टर! लाज वाटायला पाहिजे. सायकल बदलली म्हणून काळीज ढिलं पडतं का रे? महिनाभराने त्याच ग्रुपवर नवीन पोस्टर आलं, दुसऱ्याच कोणाचं तरी. चार करणार म्हणे. मी ग्रुप सोडला.

दवाखान्यात जायचं धाडस झालं नाही. सर घरी आल्यावर महिन्याने गेलो. त्यांची सायकल जोडून, पुसून सोबत नेली, का नेली कोण जाणे. वहिनींनी दार उघडलं, सायकल बघितली आणि बाजूला झाल्या. सर खिडकीपाशी खुर्चीत. शर्ट ढगळ झालेला, मनगटं पोरासारखी.

बसल्या बसल्या माझं तोंड सुटलं. त्या कोचला शिव्या घातल्या, ग्रुपला घातल्या, सायकल देणाऱ्या त्या गृहस्थाला तर उभा आडवा धुतला. सत्कार करणाऱ्यांचा उद्धार केला. सर ऐकत होते. वहिनींनी चहा आणून ठेवला. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "मालक, त्यांच्यापैकी कोणी नव्हतं बोललं. तुम्ही बोलला होता."

मी चहाचा कप उचलला.

"मला जायचं नव्हतंच," ते म्हणाले. "मे महिन्यापासून नव्हतं जायचं. पण शब्द तुमचा होता. मीच मोडला असता तर सगळ्या गावात तुमचं हसं झालं असतं, की मिस्त्री स्टेजवर काहीही बोलतो. तुम्ही नुसतं म्हणाला असता, सर, मी उगाच बोललो, माझं चुकलं, तर मी घरी बसलो असतो. मी रोज येत होतो तुमच्याकडं. वाटायचं, आज म्हणाल."

वहिनी आत निघून गेल्या. माझ्या हातातला चहा मी तसाच खाली ठेवला.

आठ दिवस तो माणूस रोज संध्याकाळी माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसत होता, आणि मी त्याला सांगत होतो की पार्ट आला नाही.